पढीनच्या गळाची तार

येरळी, नांदुऱ्याजवळ
६ नोव्हेंबर १९६२

बेबीच्या बापाले,

तुमचं पत्र पोचलं. माहा भाऊ निवृत्ती वाचायले बसला होता, मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. म्हनलं, बेबीचं काही लिवलं असंन. पत्र उलटंपालटं करून पाह्यलं. पोट्टीचं नाव नाई. माही खुशाली नाई. माहा बाप वारला, त्याचं एक अक्षर नाई. हाये काय, तं 'सासरे पढीनच्या गळाजवळ जी तार लावत ती कशाची, कशी वळत, ते सविस्तर कळवणे. तलावात गळ तुटून जात आहेत.'

शिमग्यात बाप गेला तवा मी नांदुऱ्याच्या पोस्टात जाऊन तुमाले तार केली होती. तुमी आले नाई. आता तुमाले तार पाह्यजे.

तुमच्या बीबी गावच्या तलावावर तुमच्या गळाची तार मीच वळून देत होते, हे तुमाले ठाऊक हाये. मंग पत्रात बापाचं नाव कायले? माह्यापाशी मागतो, असं लिवायले हात जड झाला?

बाप तुमालेबी शिकवायले बसला होता. मी चुलीपाशी ऐकत होते. तो म्हनला, "सहदेवा, पढीनचं तोंड कानापर्यंत फाटलेलं असते, अन् आत दात नाई, कानस असते. तो दोरी तोडत नाई, घासते. गळाजवळचा हातभर तुकडा सांभाळला तं मासा तुहा." तुमी हसले. "मामा, मासा हाये का लोहार?" म्हनले. बाप पुन्हा तार वळाले लागला. जावयाले काय बोलनार?

मंग तो बाजार. तुमी मोठा पढीन खांद्यावर टाकून उभे होते, शेपूट पार गुडघ्याले लागत होती. कोनीतरी म्हनलं, "गळ सहदेवचा, पन मासा झुंबरबाईचा." लोक हसले. एवढ्यावरून तुमी माही तार दोरीपासून उपटून नालीत फेकली, अन् मले म्हनले, "निघ इथून, नाई तं हीच गळ्यात घालतो." तवा माहा हात उठला. भर बाजारात बसली तुमाले. मले त्याचा पस्तावा नाई. आज तुमी समोर असते तं आजबी बसली असती.

दुसऱ्या दिवशी मले एस.टी.त कोंबलं. बेबीले तुमच्या मायनं काखेत दाबून धरलं होतं. "पोरगी आमच्या रक्ताची हाये," गोजरबाई म्हनल्या. माह्या अंगात काय पूर्णेचं पानी होतं?

माहं सांगनं एकच. बेबीले घेऊन नांदुऱ्याच्या स्टँडवर या. वळलेली तार हातात देईन, कशी वळाची तेबी दाखवीन. पोट्टी नाई तं तार नाई.

झुंबर


येरळी
९ डिसेंबर १९६२

बेबीच्या बापाले,

'बेबी तुझी आठवण काढत नाही' असं तुमी लिवलं. बरं झालं लिवलं. दीड-दोन वर्सामागं चार वर्साच्या लेकराले मायपासून तोडलं, अन् वरून आठवनीचा हिशेब मले सांगून राह्यले. ते अक्षर लिवताना कसं वाटलं, गोड?

पाकिटात तुटलेल्या तंगूसाचे तुकडे पाठवले, ते पाह्यले. नायलॉनची ही काचेवानी दोरी तुमाले बाजारात कोनी चांगली म्हनून देल्ली असंन. चांगली हाये, पन कुठी लावाची ते कळाले पाह्यजे. एका तुकड्याचं टोक पांढरं, फुसफुसलेलं हाये. ते पढीनचं काम. दुसऱ्या दोन्हींची टोकं डुकराच्या शेपटीवानी वळलेली हायेत. ते माशानं नाई केलं. तुमची गाठ सुटली. मासा बिचारा उगाच बदनाम.

मी सांगनार नव्हते. पन परवा बांगड्यावाल्या अन्नपूर्णाबाई आल्या होत्या, बीबीवरून फिरून. त्या म्हनल्या, "झुंबरे, तुह्या घरी चूल रोज पेटत नाई. पोट्टी शेजारी बसून जेवते. मासेमारीच्या सोसायटीवाले म्हनतात, सहदेव मासा आनत नाई तं त्याचं नाव कमी करू." म्हनून सांगून राह्यले. तुमच्याकरता नाई. बेबीच्या पोटाकरता.

आता नीट वाचा.

आधी मासा कोनता ते पाहा. मरळ असंन तं तार लावू नका. मरळ उथळ, नितळ पान्यात राह्यते, तिले तार दिसते अन् ती आमिषाले तोंड लावत नाई. तिथं तुमचं तंगूसच लावा, पन जाड. एक मासा निघाला की नखानं चाचपून पाहा. खरबरीत लागलं तं तेवढं कापून टाका. तिथं चिंगूसपना केला की पुढचा मासा गेला.

पढीन खोल, गढूळ पान्यात राह्यते. आमिष चावत नाई, घशात घेते. म्हनून गळाजवळ हातभर तरी तार पाह्यजेच. सुतळी त्याच्यापुढं टिकत नाई. पितळी तार मऊ, मासा लोळला की तिले घडी पडते अन् घडीवरच मोडते. बांधकामाची लोखंडी तार घेऊ नका, ती ताठ राह्यते, आमिष मेल्यावानी लटकते. भजनाच्या वीण्याची पोलादी तार बारीक अन् मजबूत, पन तीबी एकपदरी. एकदा मुरगळली की गेली.

सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्या. गंजलेली नको. तिचे पदर उकला. तीन पदर घेऊन सैलसर पीळ द्या, लुगड्याच्या काठाच्या गोंड्याले देतो तसा. करकचून पिळाल तं तिले घड्या पडतीन. विस्तवावर धरू नका, पोलादाचा ताव उतरते. गाठ मारू नका, तारेले गाठ सहन होत नाई. गळाच्या नेढ्यातून ओवा, मागं वळवा, तिच्याच अंगावर आटे द्या, टोक आत दाबा. खोबरेल तेलाचा हात फिरवा.

अन् हे सगळ्यात मोठं. तार फक्त हातभर. त्याच्या वर जाड सुती दोरी. ओढताना हात सुती दोरीवर ठेवा, तारेवर कधी नाई. हाताले येढे तं दोरीचेबी देऊ नका, तारेचे तं मुळीच नाई. मासा धावला की तार विळ्यावानी चालते. बाप दोरी बाभळीच्या खुंटीले बांधायचा, हाताले नाई. याच्याखाली मी रेघ मारली हाये. पाहून घ्या.

आता बेबीले पोटभर जेवू घाला. अन् तिले घेऊन कवा येता ते लिवा.

झुंबर


येरळी
२० जानेवारी १९६३

बेबीच्या बापाले,

पत्र भेटलं. संक्रांतीचा तिळगूळ नाई, गोड बोलनं नाई, हाये नुसती बढाई. पढीन लागला. मंग आखीन लागला. सोसायटीचे सेक्रेटरी पंजाबराव यायनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तारेची युक्ती कोनाची म्हनून पुसलं तं तुमी काय सांगतलं? 'मीच शोधून काढली.' हे तुमी मलेच लिवता! चोरी करून ज्याच्या घरची त्यालेच दाखवाची, ही हिंमत तुमचीच.

घ्या, तुमचीच युक्ती. मले त्याचं नाव नको. मले पोट्टी पाह्यजे. तिच्याबद्दल काय लिवलं? 'आता घरात सर्व ठीक आहे, मुलीला पाठवण्याचे कारण उरले नाही.' म्हंजे घरात उपास होता तवा लेकरू शेजारी, अन् घरात मासा आला तं लेकरू तुमचं.

पत्राच्या शेवटी एक ओळ हाये, ती मी दोनदा वाचली. 'हातभर तारेची कटकट कशाला, मी सगळी दोरीच तारेची केली आहे, कोणत्याही माशाच्या बापाला तुटणार नाही.' मी काय लिवलं होतं, अन् तुमी काय करून राह्यले? तार तुटत नाई तोच तिचा धोका. दोरी सरकते, वेळ पडली तं तुटते, मानूस वाचते. तार दोघांतल्या एकाले सोडनार नाई. ते काढून टाका. आजच काढा. सुती दोरी लावा.

माहा राग वेगळा, हे वेगळं. तुमच्या हाताशी माहं वैर नाई. त्या हातावर बेबीची भाकर हाये.

झुंबर


येरळी
१८ मार्च १९६३

बेबीच्या बापाले,

या वेळी पत्र पंजाबरावांच्या हातचं आलं. तुमी सांगत गेले अन् ते लिवत गेले. वरच्या अर्ध्या पानात तुमी मले चेटकीन म्हनलं. मी तारेत करनी घालून पाठवली, तुमचा हात खाल्ला, असं.

तारेचा तुकडा तरी मी पाठवला होता का? तार तुमची, पीळ तुमचा, हाताले येढे देनारेबी तुमीच.

पंजाबरावांनं खाली आपल्या मनानं चार ओळी लिवल्या, म्हनून मले खरं कळलं. मोठा पढीन लागला. तुमी काठावर एकटे होते. त्याले ओढाले जोर पुरंना म्हनून तार उजव्या पंज्याले गुंडाळली. मासा खोल पान्याकडं धावला. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं वाकत नाई. मेहकरच्या दवाखान्यात शिवून देल्लं.

वाचून त्या दिवशी मी तारेले हात लावला नाई. खोटं कायले सांगू? तुमचा हात मले माहीत हाये. लग्नात त्याच हातात हात देल्ला होता. पन रडले नाई. तुमी चेटकीन म्हनले ते वरच्याच पानावर होतं.

दोनदा लिवलं होतं. रेघ मारून लिवलं होतं. माही पत्रं तुमच्याकडं असतीन तं पंजाबरावांले दाखवा. फाडून टाकली असतीन तं तसं सांगा. आता तोंड माह्याकडं करू नका. तुमचा मासा तुमी बायकोचं न ऐकून धरला.

पंजाबरावांची शेवटची ओळ अशी हाये: 'मुलगी सध्या दिवसभर तलावावर असते, वडिलांची दोरी धरते.'

सहा वर्साची पोट्टी पढीनची दोरी धरते?

मी येत हाये. निवृत्ती सोबत राहीन. पुसून येत नाई, सांगून येत हाये.

झुंबर


येरळी
२ मे १९६३

सहदेव,

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हनतात. आज घेतलं. तुमी सोसायटीत अन् गावात सांगत फिरून राह्यले का झुंबरनं भावाले आनून पोरगी पळवली. म्हनून काय झालं ते जसंच्या तसं लिवते. हे पत्र पंजाबरावांलेबी वाचून दाखवा, चार लोकांतबी वाचा.

आमी दुपारी आलो. तुमी निंबाखाली बाजेवर बसले होते, हात फडक्यात, मांडीवर. मले पाहून उठले नाई. निवृत्तीनं राम राम केला, तुमी तोंड फिरवलं. तुमची माय दारात आली अन् सुरू झाली. "आली का हात पाहाले? पाह्य. पोट भरलं का?" मी म्हनलं, "मामी, मी बेबीले पाहाले आली." त्या म्हनल्या, "ते तुही कोन?"

बेबी दाराच्या मागं होती. केस पिंगट झाले होते तेलावाचून. मी हाक मारली. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग तुमच्या मायच्या लुगड्यात तोंड घातलं अन् म्हनली, "मोठी माय, हे बाई कोन हाये?"

तुमी हसले. सहदेव, तुमी त्या वेळी हसले, हे मी मरेपर्यंत इसरनार नाई.

मी अंगनात बसले. पोट्टीले ओढलं नाई, हात लावला नाई. निवृत्ती म्हनला, "ताई, चाल, पंचाईत बसवू." मी म्हनलं, "बस खाली." बेबी हळूहळू बाहीर आली, पान्याच्या रांजनापाशी उभी राह्यली. तवा मले तिचे तळहात दिसले. दोन्ही तळहातांवर दोरीचे आडवे वळ. एक पिकलेला.

मी तुमाले पुसलं, "हे काय हाये?"

तुमी म्हनले, "माहा हात गेला तं घरात कोनाचा तरी हात पाह्यजे का नाई? तूच ये मंग. राह्य इथं. तू गळ लाव, तू ओढ, मी बाजारात नेतो. पोरगीबी तुह्याजवळ राहीन. झालं गेलं मी इसरतो."

तुमी इसरता!

खरं सांगते, माह्या मनात आलं होतं. पोट्टी समोर होती. एक हाव म्हनलं असतं तं त्या रात्री ती माह्या कुशीत झोपली असती. तलावबी मले माहीत हाये, कोनत्या डोहात काय बसते ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत हाये. मंग तुमीच पुढचं बोलले. "पन बाजारात तोंड उघडायचं नाई. मासा कोनाचा पुसलं तं माहा म्हनाचं."

मी म्हनलं, "नाई."

तुमी बाजेवरून उठले अन् डाव्या हातानं माह्या दंडाले धरलं. निवृत्ती मंधात आला. तुमी ओरडले, "पोरीले हात लावला तं तुकडे करीन दोघायचे!"

आता इथून नीट वाचा, कारन हेच तुमी गावाले सांगत नाई. पोट्टी मी उचलली नाई, निवृत्तीनं उचलली नाई. तुमची माय घरात गेली. बाहीर आली तवा हातात बेबीचा धुतलेला झगा होता अन् फडक्यात भाकर बांधली होती. तिनं अंगनात सगळ्यायसमोर बेबीचं तोंड पदरानं पुसलं, झगा घातला, अन् सारा वेळ मले शिव्या देत होती. "सटवे, मायलेकराचं वाटोळं केलं तुवा. माह्या पोराचा हात खाल्ला." शिव्या देता देता तिनं बेबीचं बोट माह्या हातात देल्लं.

तुमी म्हनले, "माय, काय करून राह्यली?"

गोजरबाई तुमच्याकडं वळल्या. "गप बस," म्हनल्या. "तुहा हात गेला तवा मी दवाखान्यात तुही बोटं फडक्यात धरून बसली होती. हिचीबी धरू का?"

मंग त्या आत गेल्या अन् कडी लावून घेतली. कडीआडून रडन्याचा आवाज येत होता. तो तुमीबी ऐकला, मीबी ऐकला. मले त्या बाईनं आयुष्यभर छळलं, पन पोट्टी मले तिनं देल्ली. पळवली म्हनाल तं तुमच्या मायनं पळवली. गावाले हे सांगा.

बेबी रस्ताभर रडली. मेहकरले गाडी बदलताना पळाले लागली. धरली तं माह्या मनगटाले कडकडून चावली, रक्त निघालं. बाया म्हनल्या, कोनाची पोरगी धरून आनली या बाईनं? मी मनगटाले पदर गुंडाळला अन् तिले गाडीत बसवलं. खामगावच्या पुढं ती थकून झोपली, माह्या मांडीवर नाई, निवृत्तीच्या.

आता तुमचं परवाचं पत्र. त्यात धमक्या देल्ल्या अन् शेवटी डाव्या हातानं ओढायची कोनती तार घेऊ, असंबी पुसलं. कोनतीच घेऊ नका. एका हाताच्या मानसानं पढीनच्या वाटेले जाऊ नये. पान्याच्या कडेले जाड तंगूस लावून मरळ धरा, ती एका हातानं निघते अन् बाजारात लोक तिले आवडीनं घेतात. त्यावर दोन मानसाचं पोट भरते. हे मी गोजरबाईकरता सांगून राह्यले, त्यायच्या भाकरीकरता.

नाई तं मले तुमाले सांगाचं काही राह्यलं नाई. इथं पूर्णेवर निवृत्ती नाव वल्हवते अन् गळ मी टाकते. नांदुऱ्याच्या बाजारात मासा मी इकते, अन् कोनी पुसलं तं माहा म्हनते. शाळा उघडली की बेबीचं नाव घालीन. तिचे हात भरून येऊन राह्यले, रोज हळद लावते. लावू देते, पन तोंड दुसरीकडं करून बसते.

ती अजून मले माय म्हनत नाई. काल अंगनातून पहिल्यांदा तिनं हाक मारली, "ओ बाई, भूक लागली." मी हातातलं काम टाकून ओ देल्ली. ती बाई म्हनो का काही म्हनो, हाक मारली की मी ओ देईन.

तुमी हाक मारू नका. या घरून तुमच्या हाकेले आता ओ येनार नाई.

झुंबर